एडमंटनमधला आमचा हॉकीचा अड्डा: खाणं ठीक, आवाज मस्त आणि भिंतीवरचा तो फळा

चार सीझन झाले या बारमध्ये जातोय आणि रिव्ह्यू लिहायचं दर वेळी राहूनच जातं. आता २०२५च्या १ जुलैला ऑइलर्सचा, म्हणजे आमच्या एडमंटनच्या एनएचएल (बर्फावरची हॉकी) टीमचा, फॉरवर्ड कोरी पेरी लॉस एंजेलिसच्या टीमला गेला, बारमधल्या फळ्यावरनं त्याचं मॅग्नेट निघालं आणि म्हटलं आता लिहूनच टाकू. नाव मुद्दाम देत नाहीये कारण खाली दोन-तीन तक्रारी आहेत आणि त्या मी मालकाला तोंडावर सांगितल्यात, उगाच त्याच्या धंद्याला बाहेरून धक्का नको. साउथ साइडला राहणाऱ्यांना वर्णनावरून जागा कळेलच. स्ट्रिप मॉल, एका बाजूला दातांचा डॉक्टर, दुसऱ्या बाजूला लाँड्री आणि मधे हा, बाहेरून बघितलं तर कोणी आत पाऊल टाकणार नाही.

पार्किंगमध्ये थंडीत इंजिन गरम ठेवायला गाडी प्लग लावायची सॉकेट आहेत हे आधी सांगतो. जानेवारीत उणे तीसमध्ये तीन तास मॅच बघून बाहेर आल्यावर गाडी सुरू होणं ही चैन नाही, गरज आहे, आणि भल्या भल्या महागड्या जागी ते नसतं.

आत साधारण चौदा टेबलं, काउंटरला दहा-बारा स्टुलं, पाच स्क्रीन. मॅच चालू असताना म्युझिक बंद आणि कॉमेंट्री फुल्ल आवाजात, हा नियम मालकाने कधीच मोडलेला मी पाहिला नाही, मला वाटतं अर्धे लोक त्यासाठीच येतात. डाउनटाउनला अरीनाच्या आजूबाजूच्या जागांमध्ये गाणी इतकी जोरात असतात की पेनल्टी कोणाला मिळाली तेही कळत नाही.

पण या जागेची खरी गोष्ट म्हणजे किचनच्या दाराशेजारचा पांढरा फळा. त्यावर मार्करने चार आडव्या ओळी आणि तीन उभे रकाने आखलेत, लेफ्ट विंग, सेंटर, राइट विंग, एक ओळ म्हणजे एक लाइन, एकत्र बर्फावर उतरणारे तीन फॉरवर्ड, आणि ऑइलर्सच्या प्रत्येक फॉरवर्डचं एक मॅग्नेट, नंबर आणि आडनाव असलेलं. ९७ मॅकडेव्हिड, २९ ड्रायसायटल, ९३ न्यूजंट-हॉपकिन्स, १८ हायमन आणि जुलैपर्यंत ९० पेरी. मॅच सुरू होताना कोचने (या सीझनला क्रिस नोब्लॉक) जशा लाइन लावल्यात तसाच फळा लागतो. मग इंटरमिशनच्या सतरा-अठरा मिनिटांत कोणत्याही टेबलावरचा एक माणूस उठून एक मॅग्नेट हलवू शकतो. अट एवढीच की सगळ्यांना ऐकू जाईल असं कारण सांगायचं, आणि ज्याला काढलं तो कुठे जाणार आणि त्याच्यामुळे कोणाची लाइन बिघडणार हेही सांगायचं. नुसतं 'याला बसवा' चालत नाही. मालक काउंटरमागून हात पुसत विचारतोच, बरं, मग खाली कोण येणार?

हा एक प्रश्न मला हॉकी शिकवून गेला असं मी म्हणेन, कारण घरी टीव्हीसमोर बसून आपण एकेक खेळाडू वेगळा काढून बघतो, हा चांगला तो वाईट, आणि इथे मात्र प्रत्येक वेळी तीन जणांचा विचार करावा लागतो, कधी सहा जणांचा.

आमचा मेहुणा कॅलगरीला असतो, म्हणजे फ्लेम्सवाला. प्लेऑफ्सला, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांना, या वर्षी तो मुक्कामी आमच्याकडे आला कारण त्याची टीम त्यात नव्हती. पेरीवरून त्याचा आणि माझा वाद एप्रिलमध्ये सुरू झाला तो अजून संपलेला नाही. त्याचं म्हणणं सरळ होतं, 'भावोजी, हा माणूस मे महिन्यात चाळीसचा होतोय, मागे पळताना तो आपल्या भागाच्या निळ्या लाइनपर्यंत (बर्फावरच्या रेषेपर्यंत) येईस्तोवर समोरच्यांचा शॉट मारून होतो, आणि त्याला तुम्ही जगातल्या सगळ्यात फास्ट माणसाच्या शेजारी उभा करताय.' आणि खरं सांगायचं तर पळण्याच्या बाबतीत तो चूक नव्हता. पेरी कधीच फास्ट नव्हता, ऐन पंचविशीतही नव्हता. २०१०-११ला ॲनाहाइमकडून ५० गोल मारून हार्ट ट्रॉफी (लीगमधल्या सगळ्यात मोलाच्या खेळाडूची) घेतली तेव्हाही लोक त्याच्या स्केटिंगबद्दल हेच बोलायचे.

मी म्हटलं, अरे पण आकडे बघ, ८१ मॅच आणि १९ गोल, त्यातल्या बऱ्याच मॅच तो खालच्या लाइनवर होता, आणि पगार दीड मिलियन डॉलरच्या आत. त्याच टीमने जेफ स्किनरला तीन मिलियन दिले होते ड्रायसायटलच्या बाजूला खेळायला म्हणून, आणि स्किनर हा आयुष्यभर गोल मारत आलेला माणूस, हातात कला आहे, तरी ती जोडी काही जमली नाही, तो खाली खाली जात राहिला आणि प्लेऑफ्सच्या बऱ्याच मॅच त्याने बाहेर बसून बघितल्या. मेहुण्याने लगेच धरलं, मग हेच तर म्हणतोय, मॅकडेव्हिडच्या शेजारी कोणीही गोल मारेल, पेरीचं कौतुक कशाला.

हे 'कोणीही मारेल' प्रकरण त्या बारमध्ये दर आठवड्याला निघतं. एक सत्तरी ओलांडलेले आजोबा आहेत, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसतात, ऑइलर्स डब्ल्यूएचए या जुन्या लीगमध्ये होते तेव्हापासून, म्हणजे १९७९च्या आधीपासून बघतायत. ते एरवी फार बोलत नाहीत पण हे वाक्य ऐकलं की वळतात. त्या दिवशी वळून म्हणाले, ल्युचिचला विचारा. आणि मेहुणा गप्पच झाला, कारण मिलान ल्युचिच म्हणजे त्याच्या कॅलगरीचाही माणूस. २०१६ला एडमंटनने त्याला सात वर्षांचे ४२ मिलियन दिले होते, धिप्पाड विंगर, तरुण मॅकडेव्हिडच्या शेजारी उभा राहील, जागा करून देईल, गोलही मारेल असा हिशोब. पहिल्या वर्षी २३ गोल, दुसऱ्या वर्षी १०, तिसऱ्या वर्षी ६, आणि मग त्याला कॅलगरीला पाठवून बदल्यात जेम्स नीलला आणलं. शेजार तोच, टीम तीच. म्हणजे कोणीही मारत नाही.

आता याची दुसरी बाजूही आजोबांनीच सांगितली आणि म्हणून मला ते आवडतात, आपलाच मुद्दा पुढे रेटत नाहीत. सेंटर जो थॉर्नटन २००५च्या नोव्हेंबरच्या शेवटी बॉस्टनहून सॅन होजेला आला आणि जोनाथन चिचू नावाच्या विंगरने त्या सीझनला ५६ गोल मारले, लीगमध्ये सगळ्यात जास्त. त्याआधी त्याचं सगळ्यात चांगलं वर्ष २८ गोलांचं. २००९-१०नंतर तो एनएचएलमध्ये दिसलाही नाही. मेहुण्याला हा पत्ता हवाच होता, बघा म्हणाला, पासर मोठा असला की असं होतं. पण चिचूकडे एक गोष्ट होतीच ना, थॉर्नटन कधी सोडणार हे त्याला कळायचं आणि त्या क्षणी त्याची स्टिक बर्फावर असायची. ते स्किनरला ड्रायसायटलबरोबर जमलं नाही. जमणं म्हणजे काय हे मोजायचं कसं, ते मला अजून नीट सांगता येत नाही, पण बघताना मात्र दोन शिफ्टमध्ये (बर्फावरच्या मिनिटभराच्या दोन फेऱ्यांत) कळतं.

पेरीचं जमणं कशात होतं ते मला बायकोने दाखवलं. ती हॉकी आमच्याइतकी बघत नाही म्हणूनच तिला ते दिसलं असेल, आमचे डोळे पकच्या (खेळायच्या रबरी चकतीच्या) मागे आणि तिचे नव्हते. वेगासविरुद्ध दुसऱ्या राउंडच्या पहिल्या मॅचला पेरीने दोन गोल मारले, त्या रात्री रिप्ले चालू असताना ती म्हणाली, हा माणूस पक बघतच नाही, तो गोलकीपरचे पाय बघतोय. मग आम्ही ते बघायला लागलो. गोलसमोरच्या निळ्या क्रीजच्या कडेला टाचा टेकवून उभा, एक डिफेन्समन पाठीत स्टिक खुपसतोय, हा हलत नाही, ढकललं की अर्धं पाऊल बाजूला जातो आणि परत तिथेच, स्टिकचं पातं मात्र पूर्ण वेळ बर्फावर सपाट. गोलकीपरला उजवीकडून बघायचं असेल तर हा उजवीकडे, डावीकडून डोकावलं तर डावीकडे. गोलकीपर खाली बसला की मगच हा वळून पक शोधतो, कारण आता रिबाउंड येणार आणि तो कुठे पडणार याचा अंदाज त्याला गोलकीपरच्या पॅडवरून आलेला असतो. सगळं दोन-तीन फुटांत. पळायचा प्रश्नच येत नाही.

आणि मॅकडेव्हिडबरोबर हे जमतं त्याचं कारण मॅकडेव्हिडच्या पायांतच आहे. तो वेगात समोरच्यांच्या भागाची निळी लाइन ओलांडतो तेव्हा समोरचे दोन्ही डिफेन्समन घाबरून मागे सरकतात, एक त्याच्यावर, दुसरा पासवर, आणि नेटसमोर दीड-दोन सेकंद कोणी नसतं. तिथे पोचायला फास्ट माणूस लागत नाही, तिथे जायचंच आहे हे आधीपासून ठरवलेला माणूस लागतो. फास्ट विंगर बरेचदा मॅकडेव्हिडच्याच बरोबरीने आत घुसतो आणि त्याचीच जागा खातो, हे मी पाच वर्षं बघतोय. पेरी दोन सेकंद उशिरा येतो आणि तोच उशीर कामाला येतो. मेहुण्याला हे पटलं असं तो म्हणाला नाही पण त्या इंटरमिशनला उठून त्याने ९०चं मॅग्नेट खाली नेलं नाही, मी बघत होतो.

तक्रारींकडे वळतो नाहीतर हा रिव्ह्यू राहूनच जाईल.

पहिली आणि सगळ्यात मोठी. पाच स्क्रीनपैकी तीन केबलवर आहेत आणि मागच्या भागातल्या दोन इंटरनेटवर, आणि त्या दोन जवळजवळ अर्धा मिनिट मागे चालतात. नेहमीच्या मॅचला चालून जातं. पण ६ जूनला, फ्लोरिडाविरुद्धच्या फायनलची दुसरी मॅच, आम्हाला मागचंच टेबल मिळालं होतं. ऑइलर्स ३-४ने मागे, गोलकीपर काढून त्याच्या जागी एक जादा फॉरवर्ड आत, आमच्या स्क्रीनवर घड्याळात पाऊण मिनिट बाकी, आणि पुढचा अर्धा बार एकदम उठून ओरडायला लागला. लोक स्टुलं पाडून एकमेकांना मिठ्या मारतायत. आम्हाला कळलं की बरोबरी झाली पण कोणी मारला, कसा, काहीच माहीत नाही, आणि आम्ही तसेच उभे राहून स्क्रीनकडे बघत राहिलो. मग आमच्या स्क्रीनवर नेटच्या तोंडाशी पक सुटला आणि त्या गर्दीतनं पेरीने तो आत ढकलला. १७.८ सेकंद बाकी. चाळीस वर्षांचा माणूस. मेहुणा माझा खांदा घट्ट धरून होता. गोल बघायला मिळाला पण आधी कळलेला गोल बघणं वेगळं असतं, आयुष्यात असा गोल किती वेळा येतो, ते वैतागणं अजून गेलेलं नाही. मालकाला सांगितलं, तो म्हणाला मागच्या दोन स्क्रीनलाही केबल ओढतो, जूनअखेरपर्यंत तरी ओढलेली नव्हती.

त्याच रात्रीची दुसरी तक्रार, किचन साडेनऊला बंद होतं म्हणजे होतंच. मॅच दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये गेली, दहा वाजत आले होते, जून असल्यामुळे बाहेर अजून उजेड, आत सगळे उपाशी, आणि द्यायला फक्त चिप्सची पाकिटं. प्लेऑफ्समध्ये ओव्हरटाइम पाच मिनिटांत संपत नाही, वीस-वीस मिनिटांचे पूर्ण पीरियड चालतात, हे हॉकीच्या बारला मी सांगायला नको. निदान फायनलच्या रात्री एक माणूस थांबवून ठेवा, फक्त फ्राइज द्या, लोक दुप्पट पैसे मोजतील. मग ब्रॅड मार्शांडने फ्लोरिडासाठी गोल मारला आणि संपलं, ५-४. तोही सदतीसचा आहे, हे मेहुण्याने घरी येताना गाडीत स्वतःहून काढलं. म्हणाला, दोन्हीकडून म्हातारेच खेळले की आज.

खाण्याचं थोडक्यात. विंग्ज बऱ्या आहेत, सॉस जरा गोड. मांसाहार न करणाऱ्यांनी ग्रीन अनियन केक मागवा, एडमंटनची खास गोष्ट, पातीचा कांदा घातलेला जाडसर, पापुद्रे सुटणारा पराठाच म्हणा, इथे तो तव्यावरनं थेट येतो, कडा कुरकुरीत, बाजूला तिखट चटणीसारखा सॉस. बायको दोन खाते. पिएरोगी (सारण भरलेले डंपलिंग) घरच्यासारख्या, वर परतलेला कांदा भरपूर. पूटीन (फ्राइजवर चीज आणि ग्रेव्ही) टाळा, ग्रेव्ही पाकिटातली वाटते. तिघांचं खाणं-पिणं टिप धरून नव्वद-पंच्याण्णव डॉलरमध्ये होतं, अल्बर्टात वर फक्त पाच टक्के जीएसटी त्यामुळे बिल बघून धसका बसत नाही. सर्व्हिस चांगली, वेट्रेस शिफ्ट चालू असताना स्क्रीनच्या आडवी येत नाही, व्हिसल वाजेपर्यंत ट्रे घेऊन बाजूला उभी राहते. तिला मी नेहमी जास्त टिप देतो.

परत फळ्याकडे. प्लेऑफ्समधला सगळ्यात भारी वाद डॅलसच्या सिरीजमधला. चौथ्या मॅचला हायमनला मनगटाला लागलं आणि तो सीझन संपेपर्यंत बाहेर. हायमन म्हणजे मागच्या वर्षी ५४ गोल मारलेला, मॅकडेव्हिडच्या शेजारचा आणि पॉवर प्लेला, म्हणजे समोरचा एक जण पेनल्टीमुळे बाहेर असताना, नेटसमोरचा हक्काचा माणूस. पाचव्या मॅचच्या आधी, पक पडायच्या अर्धा तास आधी, मालकाने अपवाद म्हणून फळा सगळ्यांना खुला केला. १८चं मॅग्नेट काढून बाजूला ठेवलं आणि रिकाम्या जागेकडे सगळे बघत बसले. कोणी म्हणालं कॅपेनेनला वर घ्या, पळतो. कोणी म्हणालं ड्रायसायटललाच मॅकडेव्हिडच्या लाइनवर टाका, दोघं एकत्र आले की कोणाला थांबवता येत नाहीत. मालकाचा प्रश्न आलाच, मग दुसरी लाइन कोण चालवणार? हा एडमंटनचा कायमचा प्रश्न आहे, दोघांना एकत्र लावलं की एक लाइन अफाट आणि बाकी तीन उघड्या, वेगळं लावलं की दोघांनाही विंगर शोधत फिरायचं.

मेहुणा उठला. चार आठवडे पेरीला खाली बसवा म्हणणारा माणूस फळ्यापर्यंत गेला आणि ९० उचलून मॅकडेव्हिडच्या उजवीकडे लावलं. कारण असं दिलं, पॉवर प्लेला नेटसमोर उभं राहायचं काम हायमननंतर फक्त यालाच येतं, आणि लाइनवर याला घेतलं तर ड्रायसायटलची लाइन आहे तशी राहते, बाकी कोणाला हलवावं लागत नाही. फक्त शिफ्ट छोट्या ठेवा आणि फेसऑफ (पक टाकून खेळ सुरू करणं) आपल्या नेटसमोर असेल तर याला पाठवू नका. आजोबांनी स्टुलावरून ग्लास वर केला. मॅच सुरू झाली, दोन मिनिटं एकतीस सेकंद, पॉवर प्ले, पेरी, गोल. आम्ही त्या दिवशी पुढच्या टेबलावर होतो, केबलवाल्या स्क्रीनसमोर, सगळं वेळेवर दिसलं.

पेरीबद्दलच्या मेहुण्याच्या तक्रारीत जे खरं होतं तेही लिहितो, कारण फायनलमध्ये ते दिसलं. घरच्या मॅचला शेवटचा बदल आपल्या कोचच्या हातात असतो, समोर कोण आलं ते बघून आपली लाइन पाठवता येते, त्यामुळे पेरीला अडचणीत न टाकता वापरता येतं. फ्लोरिडात जाऊन खेळताना तो बदल त्यांच्या हातात. तिकडे ते मुद्दाम फास्ट लाइन त्याच्यासमोर आणायचे, आणि पक गेला की मॅकडेव्हिडलाच सगळ्यात खोल मागे पळावं लागायचं. ज्याने पुढे पळावं तो मागे पळतोय. ही किंमत पेरीच्या नावापुढे कुठल्या रकान्यात येत नाही पण ती असतेच. तिसरी मॅच ६-१ने गेली, एडमंटनचा एकुलता एक गोल पेरीचाच. म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच रात्री खऱ्या. पूर्ण प्लेऑफ्समध्ये त्याचे १० गोल झाले, टीममध्ये त्याच्यापुढे फक्त ड्रायसायटल, ११, आणि तरी सहाव्या मॅचला फ्लोरिडाने स्टॅनली कप उचलला.

सहा वर्षांत त्याची ही हरलेली पाचवी फायनल. २०२० डॅलस, २०२१ माँट्रियल, २०२२ टॅम्पा, २०२४ आणि २०२५ एडमंटन. २००७ला ॲनाहाइमकडून जिंकला होता एकदा, बाविशीत. २०२०ची फायनल तर इथेच झाली होती, आमच्या रॉजर्स प्लेसमध्ये, कोविडमुळे रिकाम्या खुर्च्यांसमोर, आणि पाचव्या मॅचला दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये डॅलसला जिंकून देणारा गोल त्याने तिथेच मारला होता. तेव्हा अरीनात टाळ्या वाजवायला एकही प्रेक्षक नव्हता. यंदा ६ जूनला त्याच बर्फावर तो १७.८ सेकंदवाला गोल झाला तेव्हा सगळी अरीना उभी होती, मला ते फार बरं वाटलं.

१ जुलैला कॅनडा डेची सुट्टी आणि फ्री एजन्सीचा (करार संपलेले खेळाडू नवी टीम निवडतात त्याचा) पहिला दिवस, इथल्या वेळेने सकाळी दहाला सुरू होतं. बार दहाला उघडला, फक्त कॉफी आणि अंडी-टोस्ट, कॉफी भरून देत राहतात त्यामुळे त्या दिवशी जागा वसूल. आम्ही तिघं गेलो. सॅलरी कॅप, म्हणजे टीमच्या एकूण पगाराची मर्यादा, ९५.५ मिलियन झाली खरी, पण ड्रायसायटलचे १४ मिलियन आता सुरू होतायत, आदल्याच दिवशी डिफेन्समन बुशार्डला वर्षाला साडेदहाने चार वर्षं दिली, त्यामुळे हात आखडलेला. काही वेळाने बातमी आली, पेरी एक वर्षासाठी लॉस एंजेलिस किंग्जकडे. ज्या किंग्जना एडमंटनने सलग चार वर्षं पहिल्याच राउंडमध्ये घरी पाठवलं त्यांच्याकडे. आणि एडमंटनने घेतला कोण, तर अँड्र्यू मॅन्जियापानी, जुना फ्लेम्सवाला, २०२१-२२ला कॅलगरीकडून ३५ गोल मारलेला. मेहुणा खुर्चीतनं उठलाच. मी म्हटलं अरे तो एकोणतीसचा आहे, पळतो, मागेही येतो, सगळं मान्य, पण नेटसमोर त्याच जागी ढकलून घेत उभा राहणार आहे का? तो म्हणाला, त्याला ड्रायसायटलच्या डावीकडे लावा, नेटसमोर हायमन परत येतोयच की. मी म्हटलं हायमन मनगट बरं करून कधी येतोय ते बघू आधी, आणि तोपर्यंत कोण? अर्धा तास हेच. आजोबा म्हणाले ऐंशीच्या दशकातला ऑइलर्सचा यारी कुरीसुद्धा एकदाच गेला होता एडमंटनमधनं, मग आपला जुना सेंटर ग्रेट्झकी याला जाऊन भेटला लॉस एंजेलिसलाच, आणि पुढे काही बोलले नाहीत, कॉफी प्यायले.

मालकाने ९०चं मॅग्नेट फळ्यावरून काढून काउंटरमागच्या फ्रिजच्या दारावर लावलंय. तिथे आधीपासून सहा-सात आहेत, फेकून देत नाही तो. मॅन्जियापानीचं नवीन मॅग्नेट आलंय, त्यावर अजून नंबर नाही, नुसतं आडनाव, आणि ते दुसऱ्या लाइनच्या डावीकडे लागलंय, म्हणजे त्या दिवसापुरता मेहुणा जिंकला. पहिल्या लाइनच्या उजवीकडचा चौकोन हायमनसाठी मोकळा आहे.

जाणार असाल तर हे लक्षात ठेवा. दारातून आत शिरल्यावर डावीकडची पहिली चार टेबलं आणि काउंटर, एवढ्याच जागा केबलवाल्या स्क्रीनसमोर आहेत, मागे बसवत असतील तर वीस मिनिटं थांबा पण मागे बसू नका. शनिवारच्या मॅचला आदल्या दिवशी फोन करा. ओव्हरटाइमची शक्यता वाटली तर तिसऱ्या पीरियडच्या मध्यालाच खायला सांगून ठेवा. लहान मुलांना नेलं तर चालतं, फळ्याजवळ त्यांना खाली एक वेगळी छोटी रांग आखून दिलीय आणि मॅग्नेटंही वेगळी. पाचपैकी चार स्टार देतोय, एक स्टार त्या मागच्या दोन स्क्रीनचा कापला, केबल ओढली की परत देईन. ऑक्टोबरच्या पहिल्या मॅचला मेहुणा येतोय, पुढचं दुसरं टेबल आत्ताच सांगून ठेवलंय.